न कापलेला साबण

भिंगरीच्या डोक्यात प्रश्नांचं चाक सतत फिरत असायचं, म्हणूनच आत्याने तिला हे नाव ठेवलं होतं. आज तर ते चाक थांबायलाच तयार नव्हतं. आत्याने घरी केलेला साबण बघायला एका हॉटेलच्या व्यवस्थापक बाई येणार होत्या. त्यांना फक्त इंग्रजी कळायचं आणि आत्याला इंग्रजीचं वावडं. म्हणजे बोलायचं भिंगरीने. हॉटेलचं काम मिळालं, तर आत्याला घरामागची साबणाची शेड बंद करावी लागणार नव्हती.

"आत्या, वड्या मोजता येतात, म्हणून मेनी. तेल नाही मोजता येत, म्हणून मच. मग साबणाला काय?"

"मला काय विचारतेस? मी साबण करते, व्याकरण नाही!"

काल साच्यात ओतलेला साबण टेबलावर होता. अखंड, सपाट, फिकट हिरवी लादी.

"त्याला हात लावू नकोस हं. अजून मऊ आहे, उद्या कापू," असं बजावून आत्या आत गेली.

भिंगरीला धीर निघेना. बाईंनी किती वड्या, असं विचारलं तर? अख्ख्या लादीचा आकडा कसा सांगायचा? तिने हळूच सुरी उचलली आणि कोपऱ्यात दाबली. साबण लोण्यासारखा पात्याला चिकटला आणि कोपरा खचला.

"अगं कार्टे! उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!" आत्या दारातूनच ओरडली.

तेवढ्यात बेल वाजली.

बाईंनी लादी न्याहाळली. "हाउ मच सोप?"

भिंगरीने दोन्ही हात पसरून लादी दाखवली. "अ लॉट ऑफ सोप."

"अँड हाउ मेनी बार्स?"

आता खोटा आकडा ठोकून द्यावा? पण खचलेला कोपरा समोरच होता. भिंगरीने त्याकडे बोट केलं. "नॉट येट. आय कट इट टू सून."

बाई खो खो हसल्या. त्यांनी कोपऱ्याला बोट लावून वास घेतला आणि पर्समधून काड्यापेटीएवढी वडी काढून लादीवर ठेवली. हॉटेलच्या खोल्यांमध्ये त्यांना एवढ्याच वड्या हव्या होत्या.

आत्याने भिंगरीकडे बघितलं. आत्या नेहमी तळहाताएवढ्या वड्या कापायची. "बरं झालं, लादी कापली नव्हती. सांग त्यांना, हव्या तेवढ्या लहान कापू."

बाईंनी काम पक्कं केलं आणि त्या गेल्या.

"म्हणजे," भिंगरी पुटपुटली, "साबण आधीपासून होताच, पण आकडा सुरीतून येतो. मग आत्या, केस मोजता येतात की! तरी इंग्रजीत मच का? आणि वाळूला तर कण असतात..."

"उद्या सुरी तूच धर," आत्या म्हणाली, "आणि आधी ते हात धू. साबण बराच लागलाय."