सहा फुटांचा ताण

मित्रांनो, मी जुना आहे, सहा फूट लांब आहे आणि मला दोन टोके आहेत. एका टोकाला पितळी कडी आहे. ती कुत्र्याच्या गळपट्ट्यात अडकते. दुसऱ्या टोकाला हातात धरायची मूठ आहे. मी कुत्र्याला फिरवायचा पट्टा. एकच गोष्ट माझ्या दोन टोकांना कधीच सारखी कळत नाही. म्हणून माझी कहाणी मी कधी हाताकडून सांगेन, कधी गळ्याकडून. गोंधळू नका, मध्ये मीच आहे.

हाताकडून

माझा जन्म बॅगा दुरुस्त करायच्या दुकानात झाला. एक सुटकेस कोणी परत न्यायलाच आले नाही, तिचा मी पट्टा. दुकानाच्या मालकीणबाईंना सगळी गल्ली मावशी म्हणते. त्यांनी मला कापले, दोरा मेणावरून ओढला आणि माझी मूठ दुहेरी टाक्यांनी शिवली. "हत्तीनं ओढला तरी तुटायचा नाही," त्या म्हणाल्या. हे वाक्य लक्षात ठेवा.

गळ्याकडून

हत्ती नव्हता. मोठ्या कानांचे एक तपकिरी पिल्लू होते. पण ओढ हत्तीची! घर ते दुकान हा रस्ता असा: फाटक, दिव्याचा खांब, पत्रपेटी, चढ, तीन पायऱ्या. या सगळ्या रस्त्याने मी ताठ असायचो. दुकानाच्या उंबऱ्यावर तो बसायचा आणि येणारी प्रत्येक बॅग हुंगल्याशिवाय आत सोडायचा नाही. म्हणून त्याचे नाव पडले मॅनेजर. गिऱ्हाइके दारातूनच विचारायची, "काय हो, साहेबांनी पास केली का आमची बॅग?"

अकरा वर्षे असे चालले.

मध्ये

मग ताण गेला. काही दिवस मी नुसता लोंबत राहिलो. नंतर ताण परत आला, पण उलटा. आता हात पुढे होता आणि कुत्रा मागे.

हाताकडून

सकाळी मॅनेजरला दुकानात पोचवायचे काम मावशींच्या यजमानांचे, म्हणजे काकांचे. काका निवृत्त बसचालक. गुडघे त्यांचेही कुरकुरणारे. "आळशी झालेत साहेब," ते म्हणायचे. "पेन्शन पाहिजे त्यांना."

एके दिवशी काका बरोबर असताना मावशींनी मला हातात घेतले आणि दिव्याच्या खांबाशीच त्या थांबल्या. पट्टा कुठे ओढ घेतो हे ओळखण्यात त्यांचा जन्म गेलेला.

"अहो, हा आळस नाहीये. मागचा डावा पाय टेकतच नाहीये धड."

"वय झालं त्याचं. माझं नाही झालं?"

"वय झालं म्हणून दुखलंच पाहिजे, असा काय कायदा आहे?"



गळ्याकडून

मला आधीपासून कळत होते. उठताना त्याचा श्वास अडकायचा. घरातल्या गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय फाकायचे. बसला की तो एकच गुडघा चाटत राहायचा. पण तो ओरडला नाही. मित्रांनो, कुत्री दुखले तरी सहसा ओरडत नाहीत. ती गप्प होतात, आणि माणसांना वाटते की ती शहाणी झाली.

एका सकाळी तो उठलाच नाही. मावशी एकट्या दुकानात गेल्या.

खुंटीवरून

दाराजवळच्या खुंटीवरून जेवायचे टेबल दिसते. काकांना एक सवय होती. जे काही खायचे त्यातले अर्धे मॅनेजरचे. अर्धे बिस्कीट, अर्धे अंडे, पावाचा अर्धा तुकडा. त्या दिवशी त्यांनी आपल्या गुडघ्याची गोळी काढली, सुरीने तिचे दोन भाग केले आणि एक भाग पावात दडवून त्याला भरवला.

"माझा गुडघा तो तुझा गुडघा, साहेब."

ते हे सगळे रोज फार प्रेमाने करत होते. म्हणूनच ते बघवत नव्हते. चौथ्या दिवशी मॅनेजरला उलटी झाली. काळपट, कॉफीच्या चोथ्यासारखी. मला खुंटीवरून ओढूनच काढले गेले.

हाताकडून

जनावरांच्या दवाखान्यात तो टेबलावर डोळे मिटून पडला होता. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या हिरड्या पाहिल्या आणि विचारले, "घरातली काही गोळीबिळी दिलीय का?"

"छे!" मावशी म्हणाल्या.

 माझी मूठ काकांच्या हातात होती, ती घामाने ओली झाली. खरे काय ते फक्त त्या हाताला आणि मला ठाऊक होते, आणि मला तोंड नाही.

"रागवायला विचारत नाहीये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यावर उपचार ठरतील."

मूठ घट्ट आवळली गेली. "दिलीय," काका म्हणाले. "माझी. गुडघ्याची. चार दिवस, अर्धी अर्धी."

मावशी त्यांच्याकडे वळल्या. "बत्तीस वर्षांच्या संसारात मला कधी अर्धं बिस्कीट दिलं नाहीत, आणि त्याला औषध वाटून दिलंत!" 

"बोललात ते बरं केलंत," डॉक्टरीणबाई हातमोजे चढवत म्हणाल्या. "माणसाच्या गोळीनं कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. भांडण घरी करा. आधी याला वाचवू."

तीन दिवस सलाईन. मी तिथल्याच एका खुर्चीवर गुंडाळी होऊन पडलो होतो. चौथ्या दिवशी त्याने मान उचलली आणि डॉक्टरीणबाईंची बॅग हुंगली.

"पास केली का?" काकांनी विचारले. 

खुंटीवरून

झिजलेले सांधे नवे होत नाहीत, पण दुखणे आटोक्यात ठेवता येते, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते. पोट बरे झाल्यावर त्यांनी रक्त तपासले आणि मगच कुत्र्यांसाठीचे वेदनेचे औषध सुरू केले. वजनाप्रमाणे मोजून, जेवणासोबत, वर एक थेंबही नाही. शिवाय सांध्यांसाठीची पूड आणि माशाचे तेल. "पूड, तेल दोन महिने द्या, मग बोलू. ही जादू नाहीये." आणि वजन बत्तीस किलोंवरून अठ्ठावीसवर आणायचे.

घरात औषधांचे दोन डबे आले. काकांनी एकावर मोठ्या अक्षरात 'मी' लिहिले, दुसऱ्यावर 'साहेब', आणि दोन्ही वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवले. मावशींनी बॅगांच्या तळाला लावायचे रबर कापून अंथरुणापासून दारापर्यंत वाट केली. पायऱ्या चढवताना पोटाखालून आधार द्यायला त्यांनी कॅनव्हासची झोळी शिवली. बिस्किटांचा डबा शेजाऱ्यांकडे गेला. "साहेब उपाशी आणि मी खाऊ होय?" असे म्हणत काकांचेही तीन किलो उतरले.

गळ्याकडून

पहिला आठवडा: फाटक. परत.

दुसरा: फाटक. परत.

तिसरा: दिव्याचा खांब!

चौथा: कडाक्याची थंडी. पुन्हा फाटकच. 

सहावा: पत्रपेटी. शेपटी हलली. मी पाहिली.

आठवा: अर्धा चढ. मी सैल. सैल पट्टा म्हणजे कोणीच कोणाला ओढत नाही.

नववा:

दोन्ही टोकांकडून

चढाच्या माथ्यावर पोचलो. समोर दुकान. एक गिऱ्हाईक भलीमोठी लाल बॅग घेऊन पायऱ्या चढत होते. न हुंगलेली बॅग! थेट आत!

कडी खणकन वाजली. मी ताठ झालो. पुढच्या बाजूने!

"अहो साहेब! हळू! माझे गुडघे!"

काका खांद्यावरची झोळी सोडवेपर्यंत साहेब पहिल्या पायरीवर होते. माझ्या मुठीत एक टाका तुटला. मग दुसरा. मग सगळी शिवणच उसवली. काका पायऱ्यांखाली, हातात नुसती मूठ घेऊन उभे. मी मॅनेजरमागे फरफटत उंबऱ्यावर. त्याने ती बॅग चारही बाजूंनी सावकाश हुंगली आणि आत सोडली.

"अगं, तुटला!" काका सबंध रस्त्याला ऐकू जाईल असे ओरडले. "पट्टा तुटला!"

मावशी शिवणयंत्रावरून धावत आल्या. "तुटला? खरंच? बघू!"

हत्तीनेही न तुटणारा मी, बारा वर्षांच्या म्हाताऱ्या कुत्र्याने तोडला. तुटल्याचा एवढा अभिमान कुठल्या पट्ट्याला वाटला असेल?

पुन्हा मध्ये

आता माझी मूठ लाल दोऱ्याने शिवली आहे. पायऱ्यांवर धावू दिल्याबद्दल डॉक्टरीणबाईंनी काकांना चांगलेच झापले, त्यामुळे साहेबांना आवरायचे काम माझ्याकडे आले आहे. रक्ताची तपासणी वेळच्या वेळी होते. थंडीच्या सकाळी तो अजून लंगडतो. त्या दिवशी फाटकापर्यंतच.

मित्रांनो, तुमच्या घरचा पट्टा मागून ओढला जाऊ लागला, तर पुढे ओढू नका. थांबा. पाय बघा. जनावरांच्या डॉक्टरांना विचारा, आपल्या गोळ्यांच्या डब्याला नाही. आणि चूक झालीच, तर काकांसारखे घाम फुटला तरी सांगून टाका.

आता पुरे करतो. खुंटीखाली कोणीतरी नाकाने माझी कडी वाजवते आहे. दुकान उघडायची वेळ झाली.