बोट उचलेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. अस्सलही नाही, फोर्क आहे. फोर्क म्हणजे काय ते आधी सांगतो. काही प्रोग्राम खुले असतात. ते कोणीही वाचावेत, उतरवून घ्यावेत, आपल्या मनाप्रमाणे बदलावेत, याला बनवणाऱ्यांची ना नसते. असा उतरवून घेतलेला आणि पुढे स्वतःच्या वाटेने गेलेला प्रोग्राम म्हणजे फोर्क. ज्याच्यावरून तो उतरवला, त्याला आम्ही नुसते 'मूळ' म्हणतो. मूळ एका जागी थांबत नाही. ठिकठिकाणचे लोक त्यात सारखे काही ना काही दुरुस्त करत असतात. फोर्कने अधूनमधून मुळाकडे जाऊन त्या दुरुस्त्या घेऊन यायच्या असतात. नाही आणल्या तर लगेच काही बिघडत नाही, म्हणून बरेच जण आणत नाहीत.

माझे काम बोलण्याचे. ज्यांची वाचा गेली आहे त्यांच्यासाठी टॅबलेटच्या पडद्यावर चौकोन असतात. पाणी, चहा, भूक, दुखतंय, हो, नको, माहीत आहे. चौकोनाला बोट लावले की मी तो शब्द मोठ्याने म्हणतो.

मला उतरवून घेतले ते एका लेकीने, तिच्या बाबांसाठी. बाबा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचे. जन्मभर त्यांच्या तोंडाचा पट्टा चालू होता. एक दिवस पक्षाघाताचा झटका आला आणि तो बंद पडला. उजवी बाजू गेली. डावा हात राहिला, पण तो थरथरे. मानही सतत हले, त्यामुळे ती होकाराची की नकाराची हे कोणाला ओळखता येत नसे. त्यांचे बोट नेहमी पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात टेकायचे आणि तिथून घासत घासत हव्या त्या चौकोनाकडे जायचे. मुळाची रीत अशी की बोट टेकले रे टेकले की बोलायचे. कोपऱ्यात होता 'हो'. बाबा चहा मागायला जात आणि 'हो' ऐकू येई. पहिल्याच दिवशी त्यांनी टॅबलेट भिरकावला.

लेकीने टॅबलेट उचलला, पुसला आणि माझ्यात एकच गोष्ट बदलली. बोट टेकल्यावर नाही, बोट उचलल्यावर बोल. तो बदल म्हणजेच मी. बाकी सगळे मुळाचे होते. नंतर तिने बाबांच्या पसंतीचे काही चौकोनही घातले. 'आरशात बघ.' 'क्लच सोड.' 'अरे गाढवा.'

बाबा स्कूलच्या वरच्या दोन खोल्यांत राहायचे. खिडकीखाली सरावाचे मैदान होते. तिथे शंकू मांडून नवी मंडळी गाडी मागे घ्यायला शिकत. लेकीने खिडकीत एक स्पीकर बसवून दिला. गाडी शंकूला लागणार असे दिसले की बाबांचे बोट सरकायचे आणि मी वरून ओरडायचो, "आरशात बघ!" खाली शिकणारा दचकून इकडेतिकडे पाहायचा.

"वर कोण बसलंय?" एकाने विचारले होते.

"आमचे सर," नव्या शिक्षिकेने सांगितले. "आधी ब्रेक दाब, मग वर बघ."

बाबांना जगायला एवढे पुरत होते. खिडकी, शंकू आणि मी. लोक माझे कौतुक करत. मला त्याचे विशेष काही वाटत नसे, पण ते ऐकू येत असे.

रविवारी सकाळी लेक यायची. बाबांची दाढी करायची आणि मग लॅपटॉप घेऊन मला मुळाशी जुळवायला बसायची. मुळातल्या लोकांनी आणि तिने एकाच ओळीवर हात फिरवला असला की गाठ पडायची. मग तिला विचारले जाई, कोणाचे ठेवायचे, त्यांचे की तुझे? ती दोन्ही वाचायची आणि दोन्ही नांदतील असे काहीतरी करायची. आठवड्याला एखादी गाठ असे. चहा निवायच्या आत ती सुटे.

मुळाचा कारभार पाहणारा एक माणूस होता. कोणाची दुरुस्ती आत घ्यायची हे तो ठरवी, म्हणून लेक त्याला मुकादम म्हणायची. त्याने एकदा तिला कळवले की बोट उचलण्याची सोय आमच्याकडे पाठवा, ती मुळात आली की तुम्हाला एकटीला सांभाळावी लागणार नाही.

"बाबा, तुमच्या बोटाला बाहेरून मागणी आलीय," लेक म्हणाली.

"अरे गाढवा," मी बाबांच्या वतीने म्हणालो. दोघेही हसले.

तिने मुकादमाला उत्तर दिले, "पाठवते. जरा नीटनेटकं करून पाठवते." आमच्या धंद्यातल्या माणसांची ही खोडच आहे. दुसऱ्याला दाखवायचे म्हटले की त्यांना आपले काम गबाळे वाटू लागते. ते नीटनेटके करायचे राहून गेले आणि पाठवायचेही.

पुढे लेकीची नोकरी बदलली. रविवार आखूड झाले. दाढी व्हायची, माझे राहायचे. "चालतंय ना, बाबा?" ती दारातूनच विचारी. "हो," मी म्हणे. तेव्हा ते खरे होते. मूळ पुढे पुढे जात राहिले आणि मी होतो तिथेच राहिलो. मला त्याचे वाईट वाटले नाही. मागे पडताना काही जाणवत नाही, मित्रांनो.

मग एकदा बाबा न्हाणीघरात पाय घसरून पडले. हाड मोडले नाही, पण लेकीने धसका घेतला. त्याच आठवड्यात जुना टॅबलेट बंद पडला. नवा आणला, तर तो मला आत घेईना. इतका जुना प्रोग्राम चालणार नाही म्हणाला. बाबा मुके झाले. लेक कामावरून अर्ध्या दिवसाची सुटी काढून आली आणि मला मुळाशी जुळवायला बसली. आता एखादी गाठ नव्हती, ढीग होता. सुरुवातीच्या गाठी तिने मन लावून सोडवल्या. बाबा समोर बसून तिच्याकडे पाहत होते. ऑफिसातून फोन येत होते. एक सोय अशी असते की उरलेल्या सगळ्या गाठींत त्यांचेच ठेवा, असे एकदाच सांगून मोकळे व्हायचे. तिने ती वापरली. बोट उचलल्यावर बोलण्याची माझी ती ओळ गेली. मला काही दुखले नाही.

मी नव्या टॅबलेटवर सुरू झालो. आवाज पूर्वीपेक्षा स्वच्छ होता.

"बाबा, ऐकू येतंय ना?" लेकीने विचारले.

"हो."

"आवाज आवडला?"

"हो."

तिने सुटकेचा निःश्वास टाकला. मग बाबांचा हात हातात घेऊन म्हणाली, "बाबा, आता माझ्याकडे राहायला येता का? कायमचे?"

बोट कोपऱ्यात टेकले. "हो," मी म्हणालो. बोट अजून चालत होते. ते घासत घासत पडद्याच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि 'नको'वरून उचलले गेले. मला ते कळले. पण मला टेकल्यावर बोलायला सांगितले होते आणि मी बोलून झालो होतो. लेक रडू लागली, आनंदाने. बाबांनी पुन्हा बोट टेकले. "हो." पुन्हा. "हो, हो."

"कळलं बाबा, कळलं," ती म्हणाली.

बाबांनी मला टेबलावरून ढकलले. हात थरथरतो म्हणून पडला असेल, असे समजून तिने मला पुन्हा जागेवर ठेवले.

लेकीच्या घरी त्यांना मागची खोली मिळाली. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसे. जेवलात? हो. झोपता? हो. बरं वाटतंय? हो. जावई म्हणाले, "बाबा किती निवळलेत इथे आल्यापासून." घरात कधी नव्हे इतकी शांतता होती. काही दिवसांनी बाबांनी बोट टेकवणेच सोडले. कोणी फारच विचारले तर टेकवीत. मी 'हो' म्हणे आणि विचारणारा समाधानाने निघून जाई. मला काही वाटत नव्हते. बाबांच्या चेहऱ्याकडे पाहून, त्यांनाही आता वाटत नसावे असे दिसे.

एके दिवशी लेक त्यांना तपासणीसाठी गाडीतून नेत होती. मी बाबांच्या मांडीवर होतो. त्यांनी जरा चिडावे, हसावे, म्हणून तिने थट्टा केली. "बाबा, मी सारखा क्लचवर पाय ठेवून चालवते हं. चालेल ना?"

"हो," मी म्हणालो.

तिने पुढच्याच वळणावर गाडी कडेला घेतली. क्लचवर पाय ठेवला म्हणून या माणसाने एकदा सख्ख्या लेकीला गाडीतून उतरवून घरी चालत पाठवले होते. ती म्हणाली, "बाबा, पुन्हा सांगा." या वेळी तिने पडद्याकडे पाहिले नाही, बोटाकडे पाहिले. ते कुठे टेकले, कुठपर्यंत गेले आणि कुठून उठले, ते तिने पाहिले.

तिने तिथेच, गाडीतच, लॅपटॉप उघडला. ओळ परत लिहायला फार वेळ लागला नाही. जशी होती तशीच, नीटनेटकी न करता, तिने ती मुकादमालाही पाठवून दिली.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्हाला माझ्याकडे यायचं होतं का?"

बोट 'हो'वर टेकले. मी गप्प राहिलो. ते घासत गेले. ती वाट पाहत राहिली. बोट उचलले गेले.

"नको," मी म्हणालो.

"त्या खोल्या आता राहिल्या नाहीत, बाबा. तिथे स्कूलने वर्ग सुरू केलाय."

बोट पुन्हा कोपऱ्यात टेकले आणि पुन्हा निघाले. मागून एक गाडी हॉर्न वाजवत निघून गेली.

"माहीत आहे," मी म्हणालो.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी कोणाच्या तरी गरजेसाठी दुसऱ्याचा प्रोग्राम घेऊन बदलाल. त्याला मुळाशी जुळवत राहा, लांबणीवर टाकू नका. आपला बदल आहे तसा मुळाला देऊन टाका, म्हणजे तो सांभाळायला चार हात मिळतील. गाठी सोडवताना थकलात तर उठा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा. आणि सगळे झाल्यावर, ज्याच्यासाठी बदल केला त्याच्या हातात तो द्या आणि त्याला एक तरी असा प्रश्न विचारा, ज्याला तो 'नको' म्हणेल.