भरलेला तांब्या

नगररचना खात्यातल्या साहेबांनी रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर शहराचा नकाशा पसरला होता. नवा दवाखाना कुठं बांधायचा, हे त्यांना ठरवायचं होतं.

"नाल्यापलीकडच्या वस्तीजवळ का नाही?" चहा ठेवत बायकोनं विचारलं.

"तिथले लोक दवाखान्यात येतच नाहीत गं. ज्या भागातून जास्त रोगी येतात, त्या भागाला जास्त महत्त्व. हिशेब सरळ आहे."

"लांब पडतं म्हणून येत नसतील."

"का येत नाहीत, ते हिशेबात धरत नाहीत."

ती मागच्या खोलीत गेली. तिथं साहेबांची विधवा आत्या राहायची. आईविना पोर तिनं पोटच्यासारखं वाढवलं, आणि पोरानं मोठं होऊन तिची खाट अडगळीत टाकली. संडास घराच्या दुसऱ्या टोकाला, वाट बैठकीतून. विधवा बाईनं आल्यागेल्यासमोरून जायचं नाही, ही घराची रीत. कुणी घातली विचारा, सगळे एकमेकांकडे बोट दाखवतील. पाळायला मात्र सगळे तत्पर.

उशाशी कालचा तांब्या भरलेला तसाच होता. आत्या तापानं फणफणली होती.

"पाणी का नाही प्यायलात?"

"प्यायलं की जावं लागतं, बाई. बाहेर माणसं बसलेली असतात. मी आपली ओठ ओले करते."

डॉक्टर आले. पाणी न प्यायल्यानं मूत्रपिंडाला सूज आली होती. आणखी उशीर झाला असता तर माणूस हातचं गेलं असतं, असं सांगून, औषध देऊन ते गेले.

"पण आत्याला फारसं जावंच लागत नाही," साहेब म्हणाले. "आम्ही कधी तिला जाताना पाहिलंच नाही."

बायकोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. संडासाला लागून साहेबांची अभ्यासाची खोली होती. तिथलं टेबल तिनं खरडत बाहेर ओढलं.

"हे काय चालवलंयस?"

"आत्यांची खाट इथं येणार."

"लोक काय म्हणतील?"

"रीत इतकी प्यारी असेल तर तुम्ही पाळा. टेबल अडगळीत लावते, तिथं बसा. माणसं बैठकीत असेपर्यंत बाहेर पाऊल टाकायचं नाही. बघू किती पाणी पिता ते."

साहेब टेबलाला हात लावून उभे राहिले.

"उभे काय राहिलात? खाट धरा. आणि उद्या नाल्यापलीकडे जाऊन विचारा, का येत नाहीत ते. त्याआधी तो नकाशा टेबलावर दिसला तर फाडून टाकीन."

खाट हलली. बैठकीत शेजारचे दोघे येऊन बसले होते, त्यांच्यासमोरूनच हलली. नव्या खोलीत आत्यानं तांब्या तोंडाला लावला, तो रिकामा करूनच खाली ठेवला. मग भाच्याकडे न बघता तो सुनेपुढं धरला.

"अजून दे," ती म्हणाली.