काळ्या माणसांचे विद्यापीठ आणि कोंडीबा येसकर

सुंदरा मॅट्रिक पास झाल्याचे कळले, तेव्हा कोंडीबा येसकराने आधी घराचे दार लावून घेतले.

वाचकहो, आपल्या घरी पोर पास झाले की आपण पेढे वाटतो, शेजाऱ्यांना हाका मारून सांगतो. कवठे महांकाळकडच्या एका गावातल्या महारवाड्यात, १९४६ च्या जूनमध्ये, तसे काही झाले नाही. सुंदरा सांगलीला बनाआत्याकडे राहून शिकली होती. वर्गात दाराजवळ वेगळ्या तरटावर बसून शिकली होती. निकाल घेऊन ती छोट्या रेल्वेने आली आणि उंबऱ्यातूनच ओरडली, "आबा, पास झाले!"

कोंडीबाने तिच्या तोंडावर हात ठेवला. "हळू बोल पोरी. गावात कळंल."

"कळंना का? चोरी केलीया व्हय तिनं?" अंबूबाई म्हणाली. पण नवऱ्याला हे विचारताना तिचाही आवाज खालीच होता.

कोंडीबा जन्माचा भित्रा नव्हता. सहा वर्षांपूर्वी गावच्या शाळेत निरोप पोचवायला गेला असता मास्तरांनी त्याला ओसरीवरच्या बाकावर बसायला सांगितले. घटकाभर बसला असेल. महार बाकावर बसला म्हणून त्याच संध्याकाळी गावातल्या चौघांनी त्याला ओढ्यात गाठले. उजवे मनगट मोडले ते वाकडेच जुळले. मास्तरांची बदली झाली. तेव्हापासून रस्त्यात कुणी मोठ्याने खाकरले तरी कोंडीबाच्या छातीत धस्स होई.

आणि आता पोरगी म्हणत होती, मुंबईत आपल्या लोकांसाठी नवे कॉलेज निघाले आहे, मला तिथे जायचे आहे. पुढे डॉक्टर व्हायचे आहे!

दार लावून बातमी थोडीच थांबते? तिसऱ्या दिवशी कृष्णात सनदी हा चावडीचा शिपाई पाटलांचा सांगावा घेऊन आला. अंगणाबाहेरूनच म्हणाला, "कोंडीबा, सोमवारी चावडीवर ये. भाऊसो पाटील कागद करून घेनार हायत. पोरीला फुडं शिकवनार न्हाई म्हनून अंगठा उठवायचा. उद्या आमची नाडी ती धरनार व्हय, असं इचारत्यात."

त्या दिवसापासून कोंडीबाच्या घशाखाली घास उतरेना. गवताची गंजी कुणी पेटवील का, अंबू पाण्याला एकटी गेली तर परत येईल का, पोरीला वाटेत कुणी अडवील का, हेच त्याच्या मनात फिरत राही. रविवारी दुपारी तो धाकट्या भावाला, नाथाजीला, म्हणाला, "मी अंगठा देतो. शिकून जीव जायाचा असंल तर नगं ते शिक्षान."

नाथाजी लढाई संपल्यावर पलटणीतून नुकताच सुटून आला होता. त्याने उठून आपली पत्र्याची पेटी उघडली आणि तळातून मळक्या पुठ्ठ्याचे एक इंग्रजी पुस्तक काढले.

"दादा, आसामात आमी सडक बांधत हुतो. तितं अमेरिकेची काळी मानसं मोटारी हाकायला हुती. त्यांचा तळ एकीकडं, गोऱ्यांचा दुसरीकडं. भांडी बी येगळी. मी म्हनलं, ह्यो तर आपलाच गाव झाला की! त्यातला टॉमस म्हनून एक हवालदार माझा दोस्त झाला. जाताना त्यानं ह्ये दिलं. त्यो ज्या विद्यापीठात शिकला, तितं काय काय शिकिवत्यात त्याचं पुस्तक हाय. सुंदरे, वाच."

सुंदरा अडखळत वाचू लागली. इंग्रजीतले एकेक नाव बोटाखाली धरून ती मराठीत सांगे.

"वैद्यकीचं कॉलेज. दातांच्या डॉक्टरांचं निराळं. मग औषधं तयार करायचं. कायद्याचं. शेतकीचं. मास्तर तयार करायचं. इमारती बांधायचं इंजिनिअरिंग. आणि... आबा, गाण्याचंसुद्धा! गाण्याचीही पदवी देतात."

कोंडीबा पुढे सरकला. "समदी काळीच शिकत्यात तितं?"

"बहुतेक सगळी."

"आन शिकिवनारी?"

सुंदराने एक पान उघडून त्याच्यापुढे धरले. प्राध्यापकांचा फोटो होता. काळे झगे घातलेली काळी माणसे तीन रांगांत बसली होती. पुढच्या रांगेत दोन बायाही होत्या. कोंडीबा कितीतरी वेळ त्या बायांकडे बघत राहिला.

"त्यास्नी कुनी मारलं न्हाई?" त्याने हळूच विचारले.

"लय मारलं," नाथाजी म्हणाला. "टॉमसचा आजा गुलाम हुता. अक्षरं गिरवली म्हनून त्याच्या पाठीवर चाबूक वढलं हुतं. त्यांच्या गावातली शाळा दोनदा जाळली, त्यांनी दोनदा बांधली. मी त्याला इचारलं, तुमास्नी भ्या कसं वाटलं न्हाई? त्यो म्हनला, वाटलं की! माझ्या बापानं मला कॉलेजात धाडलं तवा त्याचं पाय लटलटत हुतं. पर त्यानं धाडलं. दादा, भ्या जाईल मग पोरीला धाडू, असं म्हनशील तर ती कवाच जायाची न्हाई."



सोमवारी कोंडीबा चावडीच्या पायरीखाली उभा राहिला, तेव्हा त्याच्या पाठीवरून घाम वाहत होता. वर भाऊसो पाटील तक्क्याला टेकले होते. आजूबाजूला पंधरावीस माणसे होती. ओढ्यातल्या चौघांपैकी दोघे त्यात होते. विष्णुपंत कुलकर्ण्यांनी कागद वाचून दाखवला आणि शाईची डबी पायरीवर ठेवली. कोंडीबाने अंगठा शाईत बुडवला. तो कागदापर्यंत आलाही!

आणि तिथेच थांबला. काहीतरी बोलायला हवे होते. अखेर तोंडातून बाहेर पडले ते भलतेच.

"वैद्यकी... दाताची डाक्टरी... कायदा... शेतकी..."

"काय बरळतोय रं?" पाटील म्हणाले.

"त्यांच्याकडं शिकिवत्यात, पाटील. काळ्या मानसांच्या विद्यापीठात. गानं बी शिकिवत्यात!"

चावडी खो खो हसली. पण आता कोंडीबाला शब्द सापडले.

"हसा. मला तुमचं लय भ्या वाटतंय, खोटं कशाला बोलू? माझा हात तुमी मोडला. पोरीचा न्हाई मोडू दिनार!"

त्याने अंगठा धोतराला पुसला. विष्णुपंतांनी अंगठ्याविना राहिलेला कागद उचलला, पाटलांकडे पाहिले आणि मान खाली घातली. एक शब्दही ते बोलले नाहीत. शहाणीसुरती माणसे अशा वेळी गप्प बसतात, हेही आपण लक्षात ठेवावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडीबा पोरीची वळकटी डोक्यावर घेऊन स्टेशनाकडे निघाला. पुढे तो, मध्ये सुंदरा, मागे नाथाजी. ओढ्याच्या काठावर तीच चार माणसे बसली होती. सुंदराने बापाचा सदरा घट्ट धरला. कोंडीबाचे पाय अडखळले, पण थांबले नाहीत. माणसे नुसती बघत राहिली.

गावाने सूड घेतला. बलुते बंद झाले, त्यांच्यासाठी गिरणी बंद झाली. पाच महिने अंबूबाईने कवठ्याहून डोक्यावरून पीठ आणले. एकदा परड्यातली गंजी खरोखरच जळाली. कोंडीबाने ती राख झाडून काढली आणि सुंदराला पत्रात त्याबद्दल काहीही कळवू दिले नाही. ती इंटरला गेली, मग मेडिकलच्या वर्गात बसली. तिथे दाराजवळ वेगळे तरट नव्हते.

१९४९ च्या उन्हाळ्यात शेजारच्या वाडीतला गुंडा नावाचा माणूस आपल्या मुलीला घेऊन कोंडीबाकडे आला. मुलगी सातवी पास झाली होती. गुंडाने खालच्या आवाजात विचारले, "दादा, तुला भ्या वाटलं न्हाई?"

"वाटलं की. आजबी वाटतंय," कोंडीबा म्हणाला. "पर ते माझं भ्या हाय गड्या. पोरीच्या पदरात कशापायी बांधायचं?"

नागरिक बंधुभगिनींनो, भीती वाटण्यात कमीपणा नाही. ती लेकरांच्या हवाली करणे हा मात्र अन्याय आहे. आणि त्याहून मोठा अन्याय करतो तो भीती घालणारा, आणि त्याच्याशेजारी मान खाली घालून बसणारा. त्या चावडीवर आपण असतो, तर कुठे बसलो असतो? ज्याने त्याने स्वतःला विचारावे, आणि उत्तर लाजिरवाणे असेल तर आजच तिथून उठावे.