मनात येईल ते मोठ्यानं

आमच्या हेन्शॉबाईंच्या संशोधनाचा नियम एकच: परकी भाषा वाचताना माणसाच्या मनात येईल ते त्यानं मोठ्यानं बोलायचं, आपण ते रेकॉर्ड करायचं, आणि तो अडला की फक्त ‘बोलत राहा’ म्हणायचं. बाकी तोंडाला कुलूप. माझ्यासारख्या बडबडीला ही केवढी शिक्षा, तुम्हीच सांगा!

त्या मार्चमध्ये मी हॅमिल्टनला ॲलिस्टर मॅकव्हेंच्या घरी गेले. पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला हा माणूस सत्तरीत इटालियन शिकत होता, बायकोसाठी. पक्षाघातानंतर फिलोमेनाचं, म्हणजे त्यांच्या मेनाचं, इंग्रजी पार पुसलं गेलं होतं, लहानपणीचं इटालियन तेवढं उरलं होतं. तिला एकटी सोडता येत नव्हतं, म्हणून रेकॉर्डिंग त्यांच्या स्वयंपाकघरात. ती खिडकीपाशी आमच्याकडे पाठ करून बसली होती. मी इटालियनमध्ये विचारपूस केली तेव्हा हसली, पण नवऱ्याकडे ढुंकूनही बघेना.

"महिना झाला, बोलत नाही माझ्याशी," ते मला इंग्रजीत म्हणाले. "आमच्या मुलीनं, कॉरिननं, वृद्धाश्रमाचे फोटो या टेबलावर पसरले, ते हिनं पाहिले. हिला वाटतंय, मी हो म्हणालो."

"मग नाही म्हणालात ते सांगा की तिला!"

"अगं पोरी, इटालियनमध्ये? एवढी मोठी गोष्ट, भलतंच काही बोलून बसलो तर? आधी नीट येऊ दे."

वा रे शहाणे! कारखान्यात दहादा मापं तपासली म्हणून बायकोशी बोलतानाही तेच? मनातल्या मनात चरफडत मी रेकॉर्डर सुरू केला. "इटालियनमध्येच बोला," मी सांगितलं. "चुकलं तरी थांबायचं नाही."

उतारा टोमॅटोच्या लागवडीचा होता. ते अडखळत निघाले. "रोप... लहान. पाणी, रोज. हा शब्द माहीत नाही. टोमॅटो मेना लावते. या वर्षी कोण?" आणि थांबले.

"बोलत राहा."

"मी लावणार. वाईट लावणार. मेना ओरडणार. ओरडू दे..." पुन्हा गप्प. त्यांचा हात धरावा असं मला फार वाटलं.

"बोलत राहा," मी म्हणाले, आणि माझाच आवाज चिरकला.

"मुलगी बोलते, आई तिकडे. मी बोलतो, नाही. ती पुन्हा बोलते. मी पुन्हा, नाही. मेना नाही, तर घर नाही. मी भितो. ती झोपते, मी श्वास ऐकतो."

खिडकीपाशी खुर्ची करकरली. फिलोमेना वळली होती.

"मग महिनाभर तोंडात काय बोळा कोंबला होतास?" जीभ जड, पण रागाला काही कमी नव्हतं. "मी रोज वाट बघतेय, आज सामान बांधायला सांगशील म्हणून!"

ॲलिस्टरनी घाबरून माझ्याकडे पाहिलं. "उत्तर देऊ का? की उतारा पुरा करू?"

"अहो, खड्ड्यात गेला तो उतारा!" मी ओरडले.

ते धडपडत उठले. तिनं चालता हात पुढे केला, तो त्यांनी दोन्ही हातांत घट्ट धरला. मग दोघंही लहान मुलांसारखी रडायला लागली, आणि मी रेकॉर्डर बंद केला. हेन्शॉबाई मला झापणार होत्या. झापू देत.