आसरांच्या डोहावरची बंदी

लंकाबाईच्या तोंडाला अख्खा खडकपाडा वचकून असायचा, पण त्या सकाळी डोहाच्या काठावर ती नुसती उभी राहिली. आसरांच्या डोहात मासळी पांढरी पोटं वर करून तरंगत होती. हातभर लांबीचे खडस, बोटाएवढी पिल्लं, सगळंच. रस्त्याच्या ठेकेदाराच्या माणसांनी सुरुंगाची दारू टाकून पाण्यात बार उडवला होता. मोठे मासे वेचून बाजाराला नेले आणि बाकीचे तसेच टाकून दिले. दुपारपर्यंत असा वास सुटला की गुरं पाण्याला तोंड लावेनात.

आता हा आसरांचा, पाण्यातल्या देवतांचा डोह म्हणजे काय, ते आधी ऐका. पेठेकडच्या डोंगरातली नदी. अलीकडचा काठ इंग्रजाचा, पलीकडचा संस्थानाचा. अलीकडे खडकपाडा, पलीकडे सावरपाडा. सरकारं दोन असली तरी सोयरीक एकच. लंकाबाईची मालन पलीकडे दिलेली, अक्काबाईच्या गोटीरामाला. उन्हाळ्यात नदी आटली की दोन्ही पाड्यांच्या गुरांना पाणी या एका डोहाचं, आणि माणसांना त्याच्याच वरच्या अंगाला वाळूत खणलेल्या झिऱ्याचं. म्हणून होळीपासून नदीला पूर येईपर्यंत डोहात कुणी जाळं टाकायचं नाही, अशी बंदी होती. मोडेल त्याचा विस्तव-पाणी बंद. त्याला कुणी निखारा द्यायचा नाही, झिऱ्यावर त्याचा हंडा भरू द्यायचा नाही. ही बंदी कुठल्या सरकारनं घातलेली नव्हती, तरी आजवर ती कुणी मोडली नव्हती.

पण संस्थानात घाटाचा नवा रस्ता निघाला. ठेकेदार आला, दारू आली, आणि दारूला बत्ती लावायला माणसं हवी होती. डोहातला बार कुणी उडवला, हे कळायला वेळ लागला नाही. गोटीरामानं!

लंकाबाई तशीच नदी ओलांडून गेली. "वा जावईबापू, वा! नाव काढलं!"

"म्या बंदी कुठं मोडली?" गोटीराम म्हणाला. "बंदी जाळ्याची हाय. म्या जाळं टाकलंच नाय. मुकादम म्हणला बार उडव, उडवला."

खोटं बोलत नव्हता तो. त्याला खरंच वाटत होतं की आपण बंदीच्या बाहेर आहोत. त्याच्या आईनं, अक्काबाईनं, एक शब्द बोलायच्या आत पाण्याचा भरला हंडा उचलला आणि चुलीवर उपडा केला. फस्सदिशी राख उडाली. "जाळ्याची म्हणं! मुडद्या, जाळ्यातनं पिल्लू तरी सुटतं!" म्हणाली, आणि गाठोडं बांधून धाकट्या पोराच्या घरी निघून गेली.

"आये, माझं काय चुकलं गं?" मालननं विचारलं. चुकलं काहीच नव्हतं पोरीचं. पण विस्तव-पाणी घराचं बंद होतं, माणूस निवडून नाही. त्या दिवसापासून मालन कोसभर लांबच्या ओढ्यावरून पाणी आणायला लागली आणि लंकाबाईला घास गोड लागेना.

बरं, जावयाला धरून डोह वाचणार होता थोडाच? ठेकेदारानं दुसरा माणूस लावला. मग दोघी विहिणी नाशकाला गेल्या, प्रांतसाहेबांच्या कचेरीत. साहेब म्हणाले, बार पलीकडून उडाला, आमचा हात पोहोचत नाही. संस्थानाच्या कारभाऱ्यांकडे गेल्या, तर ते म्हणाले, मासे वाहत अलीकडे लागले, आमचं काय? इंग्रजाचा शिपाई काठावर आला की ठेकेदाराची माणसं पलीकडून बार उडवायची, आणि संस्थानाचा आला की अलीकडून. दर बाजाराला डोह हादरायचा. आता त्यात तळाशी लपलेली थोडी मासळी तेवढी उरली होती. ती गेली की डोह कायमचा मेला, हे दोन्ही पाडे जाणून होते.

विहिणींनी कचेऱ्यांचे उंबरठे इतके झिजवले की शेवटी कंटाळून दोन्ही सरकारं एकत्र आली. पण मोठेपणा असा की कुणी कुणाच्या काठावर पाय ठेवीना! मग नदीच्या मधोमध कोरड्या वाळूवर मांडव उभा राहिला. प्रांतसाहेबांची खुर्ची अलीकडच्या अंगाला, कारभाऱ्यांची पलीकडच्या. ठेकेदार दोघांच्या मागे पानाचा डबा घेऊन बसला होता. दोन्ही पाडे भोवती उभे होते.

प्रांतसाहेबांनी ठराव वाचला. दोन्ही सरकारांच्या विचारे असं ठरलं, की यापुढे डोहात बार उडवायचा तो परवाना घेऊनच. परवाना ठेकेदाराला देण्यात येत आहे. पाण्याची पाहणी केली असून त्यास अपाय आढळला नाही.

लंकाबाईला वाटलं, कुणी कानाखाली मारली. इतकी पायपीट केली ती या दोघांना एका जागी आणायला, आणि एका जागी बसून त्यांनी हे केलं! चोरी एकट्या ठेकेदाराची होती ती आता दोन्ही सरकारांची झाली.

"अपाय नाय?" ती पुढे आली. "सायेब, पुन्यांदा वाचा बरं."

"नाही म्हणून लिहिलंय."

"मंग प्या." तिनं डोहाकडे हात केला. "आजपासून तुमच्या दोघांचाबी विस्तव-पाणी बंद. झिऱ्याचं पाणी मिळायचं नाय. चूल पेटायची नाय. सामान उचलायला वेठीला माणूस यायचा नाय."

"बरोबर बोलल्या इहीनबाई!" पलीकडून अक्काबाई ओरडली, आणि झिऱ्याभोवती बायकांचं कडं पडलं.

उन्हं डोक्यावर आली. साहेबांच्या शिपायानं डोहातून तांब्या भरून आणला. कारभाऱ्यांनी तो नाकाशी नेला आणि तोंड फिरवलं. घोड्यांना पाण्यावर नेलं, तर घोडी फुरफुरत मागे सरली. लांबच्या ओढ्याची वाट शिपायांना कुणी सांगेना. ठेकेदारानं पान पुढे केलं, पण कोरड्या घशाला पान कसलं! प्रांतसाहेब भडकले.

"सरकारी कामात अडथळा आणतेस? आत टाकीन!"

"कुठल्या सरकारच्या?" लंकाबाई मांडवाच्या मधल्या खांबापाशी जाऊन उभी राहिली, दोन्ही खुर्च्यांच्या बरोबर मध्ये. "धरा की! एवढे दिस तुमीच सांगत व्हता, आमचा हात तिकडं पोचत नाय. म्या मधोमध हाय. आधी ठरवा, कुणाचा हात पोचतो!"

इंग्रजाचा शिपाई एक पाऊल पुढे आला आणि कारभाऱ्यांकडे बघून थांबला. संस्थानाचा शिपाईही तसाच थांबला. लोक हसायला लागले. लंकाबाईनं खांब घट्ट धरला. नेलं तर नेऊ दे, तिच्या मनात आलं, पण हा कागद मी इथून जाऊ देणार नाही.

कारभाऱ्यांचा धीर आधी सुटला. ते साहेबांच्या कानाशी लागले. साहेबांनी घाम पुसला, ठराव टराटरा फाडला आणि नवा लिहायला घेतला. बार दोन्ही काठांना कायमचा बंद. परवाना कुणालाच नाही. जो उडवील त्याला धरायला दोन्हीकडच्या शिपायांनी खुशाल नदी ओलांडावी. दोघांनी सह्या केल्या. ठेकेदार डबा काखेत मारून केव्हाच सटकला होता. अक्काबाईनं झिऱ्याचं पाणी आणून दिलं, आणि दोन्ही सरकारं गटागटा प्यायली.

पाणी पोटात गेल्यावर कारभारी खुलले. "जा बाई, तुझ्या जावयालाही माफ केलं आम्ही!"

मालन काठावरच होती, नवऱ्याशेजारी. ते ऐकून ती रिकामा हंडा घेऊन धावतच झिऱ्यावर आली. लंकाबाईनं हात आडवा केला.

"आये, सायबांना दिलं ना पाणी?"

"सायबांनी बार उडवला नव्हता. तुझ्या नवऱ्यानं उडवला." "डोहात मासळी फिरू दे, मंग ये. तवर नाय."

मालननं आईकडे असं बघितलं की लंकाबाईला वाटलं, ही आता आयुष्यात माझं तोंड बघणार नाही. मग ती गर्रकन वळली, तरातरा डोहावर गेली, कमरेएवढ्या घाण पाण्यात शिरली आणि सडलेली मासळी हातानं उचलून हंड्यात भरायला लागली.

"बघता काय उभं?" ती नवऱ्यावर ओरडली. "उतरा खाली!"

गोटीराम उतरला. लंकाबाईनं पदरानं डोळे पुसले, पण झिऱ्यापुढचा आडवा हात काही काढला नाही.