कोरी करकरीत रिंग

धाकट्या बहिणीच्या पत्राला दादांनी उत्तर पाठवलंच नव्हतं. तिने एवढंच विचारलं होतं, "दादा, होडीतून तू पाण्यात पडलास तर वहिनी तुला वर कशी काढणार? कळव."

"असलं अभद्र विचारतं का कोणी!" म्हणत दादांनी पत्र खणात टाकलं.

सुट्टीच्या दिवशी ते आपली लहानशी शिडाची होडी तलावात काढत. वहिनी पुढे बसून संत्री सोलत. सुकाणू दादांच्या हाती, शिडाचा दोर दादांच्या हाती, गप्पाही बहुतेक दादांच्याच.

एकदा वाऱ्याने दादांची टोपी उडवली.

"समजा, ती टोपी म्हणजे तुम्ही," वहिनी म्हणाल्या. "जागचे हलू नका. मी काढते तुम्हाला."

त्यांनी कठड्यावरची नारिंगी जीवरक्षक रिंग ओढली. निघेना! चोरीला जाऊ नये म्हणून दादांनी गाठीवर गाठ मारली होती. वर दुकानातलं प्लास्टिकही तसंच. घरातला रिमोटसुद्धा पिशवीत ठेवणारा माणूस! वहिनींनी दातांनी प्लास्टिक फाडेपर्यंत टोपी ठिपक्याएवढी झाली. आता होडी वळवायची कशी?

"अगं, सुकाणू उजवीकडे..."

"तुम्ही पाण्यात आहात. मला ऐकू येत नाही."

टोपी बुडाली. दादांचा चेहरा उतरला.

"मला पोहता येतं की," ते पुटपुटले.

"आणि गारठ्याने हातपाय आखडले तर? मी संत्री सोलत बघत बसू? तुम्ही मला होडीत बसवलंत, होडी शिकवली नाहीत."

"अशुभ बोलू नये, म्हणून..."

"बोलल्याने कोणी पडत नाही हो!"

खरंच की! दादांनी त्याच संध्याकाळी गाठी कापल्या. रिंग एका हिसक्यात निघेल अशी अडकवली, तिला पाण्यावर तरंगणारा लांब दोर बांधला. शेवटची पायरी पाण्याखाली जाईल अशी शिडी लावली. पुढच्या सुट्टीला लाइफ जॅकेट घालून दोघं निघाली. सुकाणू वहिनींकडे, आणि पाण्यात दादांऐवजी एक रिकामा डबा.

पहिल्या खेपेला होडी डब्यावरच आदळली.

"लागलं का हो?" वहिनींनी डब्याला विचारलं.

दादा पोट धरून हसले. दुपारपर्यंत मात्र डबा वर आला.

मंडळी, संकटाचं नाव काढणं म्हणजे त्याला बोलावणं नव्हे. जपून ठेवलेलं साधन आणि एकट्याच्याच हातातलं सुकाणू ऐन वेळी कामाला येत नाही. आपल्या माणसाला दोन्ही वापरता यायला हवीत.

घरी येताच दादांनी ते पत्र खणातून काढलं आणि उत्तर लिहिलं, "छोटे, तुझी वहिनी आधी होडी वळवेल, मग रिंग टाकेल, मग शिडीने मला वर घेईल. बोलणी त्यानंतर."

आणि चप्पल घालून स्वतःच ते उत्तर कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकून आले.